न भेटलेल्या माणसाचा शोक

ज्या व्यक्तीशी कधी समोरासमोर बोलणे झाले नाही, जिला आपले नावही ठाऊक नव्हते आणि जिच्या जाण्याने घरातील एकही व्यवहार अडणार नाही, अशा व्यक्तीच्या मृत्यूची वार्ता ऐकून माणसाचे डोळे का भरून यावेत, हा प्रश्न वरवर साधा वाटला तरी मानवी नात्यांच्या मुळाशी जाणारा आहे. लोकप्रिय कलावंताच्या निधनानंतर उसळणाऱ्या दुःखाकडे समाज सहसा दोन ठरावीक दृष्टींनी पाहतो. एक तर ते भाबड्या चाहत्यांचे वेड मानून हसण्यावारी नेले जाते, नाही तर गर्दीचा आणि बंदोबस्ताचा प्रश्न म्हणून पोलिसांच्या हवाली केले जाते. मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि आपल्याकडील रसविचार यांच्या आधारे पाहिले, तर हा शोक खरा असतो, त्यामागे स्पष्ट कारणे असतात आणि त्याला कोणती वाट मिळते यावर त्याचे बरेवाईट परिणाम ठरतात, असे लक्षात येते.

म्हैसूरच्या दक्षिणेचा मुलूख

हा शोक समजून घेण्यासाठी म्हैसूरच्या परिसराइतके बोलके उदाहरण क्वचित सापडेल. म्हैसूरहून नंजनगूडकडे जाणाऱ्या मार्गावर कडकोळ हे गाव असून म्हैसूर–चामराजनगर लोहमार्गावर त्याचे स्थानकही आहे. याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला चामराजनगर आहे आणि त्याच्या जवळच, आज तमिळनाडूच्या हद्दीत मोडणारे गाजनूर हे कन्नड चित्रपटसृष्टीतील सर्वश्रेष्ठ मानले गेलेले नट डॉ. राजकुमार यांचे गाव होय. १९२९ साली जन्मलेल्या राजकुमार यांनी गुब्बी वीरण्णा यांच्या नाटक मंडळीतून पुढे येऊन १९५४च्या ‘बेडर कण्णप्प’ या चित्रपटाद्वारे नायक म्हणून पदार्पण केले आणि नंतरच्या सुमारे पाच दशकांत दोनशेहून अधिक चित्रपट केले. त्यामुळे कडकोळ, नंजनगूड, चामराजनगर या पट्ट्यातील माणसांसाठी ते पडद्यावरचे दूरचे तारे तर होतेच, पण आपल्याच मुलखातून वर गेलेले माणूसही होते. जुलै २०००मध्ये चंदनतस्कर वीरप्पनने गाजनूरहून त्यांचे अपहरण केले, तेव्हा सुटकेपर्यंतचे १०८ दिवस अवघ्या कर्नाटकाने घरातील माणूस संकटात सापडावा तशा काळजीत काढले.

राजकुमार यांचे निधन १२ एप्रिल २००६ रोजी झाले. कन्नडमधील दुसरे मोठे नट, म्हैसूरमध्ये जन्मलेले विष्णुवर्धन यांचा ३० डिसेंबर २००९ रोजी म्हैसूरमध्येच अंत झाला. राजकुमार यांचे धाकटे पुत्र पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी बंगळूरमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे ४६ होते आणि त्याच दिवशी सकाळी त्यांनी थोरले बंधू शिवराजकुमार यांच्या प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटाला समाजमाध्यमावर शुभेच्छा दिल्या होत्या. त्यानंतरचे दोन दिवस बंगळूरच्या कंठीरव क्रीडांगणावर अंत्यदर्शनासाठी जी रीघ लागली, तीत खेड्यापाड्यांतून आलेल्या असंख्य माणसांचा समावेश होता. यांपैकी अनेकांनी पुनीत यांना प्रत्यक्ष पाहिले ते त्या दिवशी प्रथमच.

एका बाजूने वाहणारे नाते

अशा नात्याला शास्त्रीय नाव मिळाले ते १९५६ साली. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी त्या वर्षी लिहिलेल्या निबंधात ‘पॅरासोशल’ संबंधांची, म्हणजे एकाच बाजूने वाहत असूनही परस्पर ओळखीसारख्या भासणाऱ्या संबंधांची संकल्पना मांडली. दूरचित्रवाणीवरील सूत्रधार कॅमेऱ्याकडे पाहून थेट बोलतो, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी घरात येतो, त्याच्या लकबी आणि त्याचे हसणे ओळखीचे होते, आणि कालांतराने प्रेक्षकाला तो आपल्या परिचयातला वाटू लागतो, असे त्यांचे निरीक्षण होते. माणसाच्या मनाची घडण ज्या काळात झाली, त्या काळी ज्याचा चेहरा रोज दिसे आणि ज्याचा आवाज रोज कानी पडे, तो माणूस जवळचाच असे. म्हणून पडद्यावरचा चेहरा खरा शेजारी नाही हे बुद्धीला कळत असले, तरी भावना मात्र वारंवारतेलाच जवळीक मानतात.

पुनीत यांच्या बाबतीत या संबंधाचे सगळे धागे एकत्र आले होते. ते तान्हे असल्यापासून पडद्यावर दिसत होते; ‘बेट्टद हूवु’ या चित्रपटातील भूमिकेसाठी त्यांना बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला; २००२च्या ‘अप्पू’पासून ते नायक झाले आणि घरातील लाडके नाव शोभावे असे ‘अप्पू’ हेच नाव लोकांच्याही तोंडी बसले. पुढे त्यांनी ‘कन्नडद कोट्याधिपती’ या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन केले. मराठी वाचकांना परिचित असलेल्या ‘कोण होणार करोडपती’ या कार्यक्रमाचेच ते कन्नड भावंड असून, त्यात सामान्य स्पर्धकांशी त्यांच्या घरच्या परिस्थितीबद्दल आपुलकीने बोलणारे पुनीत लोकांनी आपल्या घरात बसून पाहिले. ज्याच्या लहानपण, तारुण्य आणि प्रौढपण अशा तिन्ही अवस्था आपण डोळ्यांदेखत पाहिल्या, असे माणूस सख्ख्या नातेवाइकांतही थोडेच असते.

या नात्याला कलावंतांनीही शब्द दिले होते. राजकुमार आपल्या चाहत्यांना देव म्हणत आणि मराठी रंगभूमीवरील नट प्रेक्षकांना मायबाप म्हणत आले; या संबोधनांमुळे प्रेक्षक हा तिकीट काढणारा गिऱ्हाईक न राहता कुळातला माणूस ठरतो. ज्याला देव किंवा मायबाप म्हटले गेले, त्याने कलावंताच्या मृत्यूनंतर परक्यासारखे वागावे, ही अपेक्षाच विसंगत आहे.

रसविचाराने दिलेले उत्तर

पाश्चात्त्य मानसशास्त्राची ही मांडणी उपयुक्त असली, तरी नटाविषयी वाटणाऱ्या भावनेचे स्वरूप त्याहून खोलवर उलगडणारा विचार भारतीय साहित्यशास्त्रात आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात शोक हा करुण रसाचा स्थायीभाव, म्हणजे मनात मुळातच वसत असलेला टिकाऊ भाव मानला आहे. रंगमंचावरील दुःख पाहून प्रेक्षकाला आनंद का होतो, या प्रश्नाचे उत्तर देताना भट्टनायकाने ‘साधारणीकरण’ ही संकल्पना मांडली आणि अभिनवगुप्ताने आपल्या विवेचनात तिचा विचार पुढे नेला. नाट्यातील शोक हा कोणा एका व्यक्तीचा राहत नाही, तो ‘माझा’ किंवा ‘त्याचा’ या बंधनातून सुटतो आणि म्हणूनच त्याची झळ न लागता त्याचा आस्वाद घेता येतो, असा त्या संकल्पनेचा आशय आहे. या विचाराची आधुनिक काळात नेमकी ओळख करून देणारे एम. हिरियण्णा हे म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयात अध्यापन करीत, ही गोष्ट या प्रदेशाच्या संदर्भात मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे.

या विचाराच्या प्रकाशात नटाच्या मृत्यूकडे पाहिले, तर एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. ज्या चेहऱ्यामुळे आणि आवाजामुळे प्रेक्षकाने वर्षानुवर्षे स्वतःच्याच मनातील प्रेम, धैर्य, शोक, वात्सल्य हे भाव अनुभवले, तो चेहरा आणि तो आवाज मृत्यूने हिरावून नेलेला असतो. नाट्यातील मरणाला साधारणीकरणाचे कवच होते. नायक पडद्यावर मेला तरी पुढच्या चित्रपटात तो पुन्हा उभा राहणार, याची खात्री होती. खऱ्या मृत्यूने ते कवच निघून जाते आणि करुण रसाच्या रूपाने आजवर चाखलेला शोक पुन्हा मूळच्या, झळ लावणाऱ्या शोकात परततो. पडद्यावर शेकडो वेळा संकटातून सुखरूप बाहेर पडलेला माणूस एका सामान्य सकाळी कोसळू शकतो, हे मान्य करणे मनाला जड जाते ते याच कारणाने.

आपल्याच आयुष्याचा एक भाग

या शोकात शोक करणाऱ्याचे स्वतःचे आयुष्यही गुंतलेले असते. वय झालेल्या माणसांना आपला भूतकाळ आठवायला सांगितला, तर साधारणतः दहा ते तीस या वयातील आठवणी अधिक संख्येने आणि अधिक ठळकपणे येतात, असे स्मृतीच्या अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. पहिली मैत्री, पहिले प्रेम, पहिली नोकरी, आईवडिलांचे धट्टेकट्टेपण हे सारे याच काळातले असते आणि त्या काळी ऐकलेले गाणे किंवा पाहिलेला चित्रपट या आठवणींना कायमचा चिकटून राहतो. कलावंत जिवंत असेपर्यंत तो काळही कुठेतरी जिवंत आहे असे वाटते आणि त्याच्या मृत्यूने तो काळ संपल्यावर जणू शिक्कामोर्तब होते.

६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर गेल्या, तेव्हा त्यांचे वय ९२ होते. त्यांचे जाणे अकाली म्हणता येणार नव्हते, तरीही देशाने दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला आणि शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार होत असताना घरोघरी डोळे पाणावले. आजी, आई आणि मुलगी अशा तीन पिढ्यांच्या तारुण्याच्या आठवणी एकाच आवाजाशी जोडलेल्या असल्याने प्रत्येक पिढी त्या दिवशी आपापल्या हरवलेल्या दिवसांसाठीही रडत होती. याउलट १३ डिसेंबर १९८६ रोजी स्मिता पाटील अवघ्या ३१व्या वर्षी गेल्या, तेव्हाचे दुःख अपुरेपणाचे होते. त्यांनी पुढे काय काय केले असते, या कल्पनेतील भूमिकांसाठीही तेव्हा हळहळ झाली. भरल्या आयुष्याचा अंत भूतकाळासाठी रडवतो आणि अकाली मृत्यू न घडलेल्या भविष्यासाठी रडवतो.

अकाली मृत्यूत भीतीचाही अंश असतो. पुनीत व्यायामाबद्दल जागरूक म्हणून प्रसिद्ध होते. असा माणूस ४६व्या वर्षी जातो, हे पाहून अनेकांना स्वतःच्या शरीराची शंका आली आणि त्यांच्या निधनानंतर कर्नाटकात हृदयतपासणीसाठी रुग्णालयांत गर्दी वाढली. सामर्थ्याचे प्रतीक बनलेल्या व्यक्तीच्या मृत्यूमुळे स्वतःच्या मर्त्यपणावरील पडदा क्षणभर दूर होतो आणि मनात दाटलेल्या दुःखात ही जाणीवही मिसळते.

पुनीत गेले त्या वर्षाचा संदर्भही विसरता येणार नाही. एप्रिल–मे २०२१मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेने असंख्य घरांतील माणसे नेली होती. मे महिन्याच्या आरंभी चामराजनगरच्या जिल्हा रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण दगावल्याची घटना घडली आणि प्राणवायूच्या तुटवड्याच्या प्रश्नाने सारे राज्य हादरले. त्या काळात अनेकांना आपल्या माणसाचे तोंड पाहता आले नाही, खांदा देता आला नाही, दहाव्या-तेराव्याला चार माणसे जमवता आली नाहीत. घरातल्या मृत्यूसाठी न वाहिलेले अश्रू काही महिन्यांनी, सर्वांनी मिळून रडण्याची मुभा देणाऱ्या पहिल्या मोठ्या प्रसंगी वाहिले असतील, तर त्यात नवल नाही. एका शोकाच्या आधाराने दुसरा, आत दडपलेला शोक बाहेर येतो, हे सांत्वनाला जाणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला ठाऊक असते.

शोकाला वाट हवी

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धर्मविषयक ग्रंथात असे प्रतिपादन केले की शोकाचे विधी हे केवळ व्यक्तीच्या खासगी भावनेचे उद्गार नसतात. एक सदस्य गमावल्याने दुबळा झालेला समूह एकत्र येऊन, एकत्र रडून स्वतःला पुन्हा सावरतो. विधीमुळे दुःखाला वेळ, जागा आणि क्रम मिळतो, आणि तो न मिळाल्यास काय होते हे राजकुमार आणि पुनीत या पितापुत्रांच्या अंत्ययात्रांची तुलना केल्यास दिसून येते.

एप्रिल २००६मध्ये राजकुमार यांच्या निधनानंतर दुसऱ्याच दिवशी अंत्यसंस्कार झाले. अंत्यदर्शनासाठी धडपडणारा जमाव अनावर झाला, वाहने जाळली गेली, दगडफेक झाली, पोलिसांना बळाचा वापर करावा लागला आणि या गदारोळात एका पोलिसासह अनेकांचे प्राण गेले. ऑक्टोबर २०२१मध्ये हा अनुभव शासनाच्या आणि कुटुंबाच्या डोळ्यांसमोर होता. मद्यविक्री बंद ठेवण्यात आली, मोठा बंदोबस्त लावण्यात आला आणि पुनीत यांच्या कन्येला अमेरिकेहून पोहोचता यावे म्हणून अंत्यसंस्कार लांबल्याने लोकांनाही शांतपणे रांगेतून दर्शन घेण्यास अवधी मिळाला. ३१ ऑक्टोबरच्या पहाटे कंठीरव स्टुडिओच्या आवारात, आईवडिलांच्या समाधीजवळ, शासकीय इतमामात दफनविधी झाला आणि लाखोंचा समुदाय जमूनही पंधरा वर्षांपूर्वीच्या दुर्घटनेची पुनरावृत्ती झाली नाही. बंदोबस्ताचा वाटा यात होताच, परंतु अंत्यदर्शन मिळणार असल्याचा विश्वास लोकांना वाटला, हेही तितकेच महत्त्वाचे होते. पुढे नोव्हेंबरमध्ये कुटुंबाने बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर चाहत्यांसाठी अन्नसंतर्पण ठेवले. मृत्यूनंतरच्या जेवणाला ज्यांना बोलावले जाते ते आप्त, या न्यायाने चाहत्यांचे आप्तपण त्या दिवशी कुटुंबानेच मान्य केले.

सर्वच सार्वजनिक शोक एका जातीचे नसतात, हेही येथे ध्यानात घ्यायला हवे. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा रडणाऱ्या लाखो माणसांचे आयुष्यच त्यांनी बदलले होते. दरवर्षी दादरच्या चैत्यभूमीवर येणारा जनसागर त्या ऋणाची आठवण जपतो. नटासाठीचा शोक त्या पंक्तीत बसवण्याचे कारण नाही. मात्र न भेटलेल्या माणसाविषयी जिवलग नाते वाटू शकते आणि ते पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकते, हे त्या उदाहरणातूनही सिद्ध होते.

नाकारलेले दुःख

अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९च्या सुमारास अशा दुःखाचा अभ्यास रूढ केला की ज्याला समाज मान्यताच देत नाही. ‘दुःख करण्याचा तुम्हाला हक्क नाही’ असे न बोलता सुचवले गेलेले हे दुःख असते. आवडत्या कलावंतासाठीचा शोक याच वर्गात मोडतो. त्याला सुतक नाही, रजा नाही, भेटायला कोणी येत नाही. उलट सैनिक किंवा शेतकरी मरतात तेव्हा हे अश्रू कुठे असतात, असा टोमणा मात्र मिळतो. त्या टोमण्यामागची न्यायबुद्धी खरी असली तरी तिचे अनुमान चुकीचे आहे, कारण एका मृत्यूसाठी रडणारे मन दुसऱ्या मृत्यूसाठी कोरडे पडते असे नाही. ज्याला दूरच्या माणसासाठी हळहळता येते, त्याच्याकडून जवळच्या दुःखाचीही जाण अपेक्षिता येते.

या शोकाची एक धोक्याची बाजू आहे आणि ती लपवणे योग्य नाही. प्रसिद्ध व्यक्तीच्या आत्महत्येच्या ठळक बातम्यांनंतर समाजात आत्महत्या वाढतात, असे डेव्हिड फिलिप्स या अभ्यासकाने १९७४ साली दाखवून दिले. मृत्यू नैसर्गिक असला तरी आधीच एकाकी असलेल्या चाहत्याला हा धक्का पेलवेनासा होऊ शकतो, आणि पुनीत यांच्या निधनानंतर काही चाहत्यांनी जीव दिल्याच्या दुःखद बातम्या कर्नाटकातून आल्या होत्या. अशा माणसाला ‘नटासाठी काय रडतोस’ असे म्हणून एकटे पाडणे घातक ठरते. त्याच्याजवळ बसणे, त्याला बोलू देणे आणि गरज पडल्यास मदत मिळवून देणे आवश्यक असते. केंद्र शासनाच्या टेलिमानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आधारासाठी विनामूल्य दूरध्वनी करता येतो आणि तेथे मराठी व कन्नडसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते.

शोकाचे पुढे काय होते

शोक म्हणजे मृतापासून मन हळूहळू सोडवून घेणे, अशी सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ साली मांडलेली कल्पना दीर्घकाळ प्रचलित होती. १९९६ साली डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अखंड बंधां’चा विचार मांडून तिला पर्याय दिला; निरोगी माणूसही मृताशी असलेले नाते तोडत नाही, तो त्याचे रूप बदलतो, असे त्यांचे म्हणणे आहे. पुण्यतिथी आणि श्राद्ध पाळणाऱ्या समाजाला हे नवे नाही. पुनीत यांच्या जन्मदिनी, १७ मार्च २०२२ रोजी, ‘जेम्स’ हा त्यांचा अपुरा राहिलेला चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा त्यात चेहरा पुनीत यांचा आणि आवाज शिवराजकुमार यांचा होता, आणि लोकांनी तो दोघा भावांचा म्हणून स्वीकारला. त्याच महिन्यात म्हैसूर विद्यापीठाने पुनीत यांना मरणोत्तर सन्माननीय डॉक्टरेट दिली.

या बदललेल्या नात्याचे सर्वांत उजळ रूप नेत्रदानात दिसले. राजकुमार यांनी नेत्रदान केले होते. पुनीत यांच्या कुटुंबानेही मृत्यूनंतर लगेच त्यांचे डोळे दान केले. डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याला, म्हणजे बुबुळपटलाला अनेक थर असतात. बंगळूरच्या नारायण नेत्रालयातील डॉक्टरांनी पुढचे आणि मागचे थर वेगळे करून दोन डोळ्यांतून चार माणसांना दृष्टी मिळवून दिली. त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाचे संकल्प करणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. वर्षानुवर्षांच्या सरकारी आवाहनांना जे साधले नव्हते, ते एका न भेटलेल्या माणसाविषयीच्या प्रेमाने साधले, आणि या शोकाच्या खरेपणाचा याहून मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही.

म्हणून कोणी आवडत्या गायकासाठी, नटासाठी, लेखकासाठी रडत असेल, तर त्याला हसू नये. आपल्या वयाच्या एखाद्या टप्प्यावर प्रत्येकावर ती वेळ येते. ज्यांना हा शोक झाला आहे त्यांनीही तो मोडतोडीत किंवा स्वतःला इजा करण्यात वाया घालवू नये, नेत्रदानासारख्या कामाकडे वळवावा. नेत्रदान मृत्यूनंतर साधारणतः सहा तासांच्या आत व्हावे लागते आणि त्यासाठी घरच्यांना आपली इच्छा आधीच ठाऊक असावी लागते. वाचकांनी ती इच्छा आजच घरात बोलून ठेवावी.